वस्तादांच्या गुडघ्याची वाटी

या अंकाच्या संपादकांनी मला लेख मागितला तेव्हा त्यांचा उजवा पाय माझ्या हातात होता. मी गुडघा आणखी जरासा वाकवणार एवढ्यात ते घाईघाईने म्हणाले, "थांबा, थांबा! तुम्ही आमच्या दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा ना!"

गुडघा वाकवायच्या क्षणी माणसं मला काहीही देऊ करतात. आजवर एक शेळी, काकवीचा डबा आणि एका निवृत्त मामलेदारांचा धाकटा मुलगा, एवढं मला देऊ झालेलं आहे. ते सगळं मी नाकारलं. लेख मात्र नाकारता आला नाही, कारण नाकारायला बोलावं लागतं आणि संपादकांपुढे बोलणं मला जमत नाही. मी मान हलवली आणि गुडघा वाकवला. ते ओरडले. व्यवहार पक्का झाला.

मी मिरजेतल्या एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. हा शब्द आमच्या रुग्णांना उच्चारता येत नाही, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. ते मला 'व्यायामाच्या बाई' म्हणतात. मी अजून तिशीचीही नाही, त्यामुळे आठवणी लिहायचा अधिकार मला आहे की नाही, शंका आहे. पण सहा वर्षांत जेवढे गुडघे मी पाहिले तेवढे चेहरे पाहिलेले नाहीत. रस्त्यात कुणी नमस्कार केला तर ओळख पटत नाही. चार पावलं चालून दाखवली की लगेच पटते.

माझं शिक्षण पाचगणीला, इंग्रजी शाळेत झालं. तिथे वसतिगृहात एक नियम होता : विचारल्याशिवाय बोलायचं नाही. तो नियम मी इतका मनावर घेतला की शाळा सुटली तरी तो सुटला नाही. घरी आम्ही मराठीच बोलायचो, पण माझी मराठी म्हणजे सुट्टीत घालायचे कपडे होते. वापर कमी, घड्या फार. एकोणसाठ, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांतला कोण कोण, हे मला अजूनही मनात इंग्रजीत उलटवून पाहावं लागतं. त्यामुळे रुग्णांना व्यायाम सांगताना मी नेहमी दहाच सांगायची. दहापर्यंत माझी खात्री होती.

या दहा आकड्याने पुढे जे केलं, तेच सांगायचं आहे. पण त्याआधी गुडघ्याच्या वाटीबद्दल थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

गुडघ्यावर समोरून हात ठेवा. जे गोल, थोडं हलणारं हाड लागतं ती वाटी. मांडीचा मोठा स्नायू वरून तिला धरतो, आणि खालून एक जाड पट्टा तिला नडगीच्या हाडाशी बांधतो. म्हणजे ती दोराच्या मधोमध बसलेल्या गाठीसारखी आहे. मांडी आवळली की दोर ताणतो आणि पाय सरळ होतो. वाटी आडवी फुटली की दोर तुटल्यासारखंच. वरचा तुकडा वर पळतो, खालचा खाली राहतो, आणि माणूस पाय उचलायला जातो तर पाय ऐकतच नाही. बघायला विचित्र वाटतं. माणूस स्वतःच्या पायाकडे दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा बघत राहतो.

पूर्वी अशी फुटलेली वाटी बहुतेक काढूनच टाकत. मी नवी होते तेव्हा मेढ्याकडच्या एक आजी आल्या होत्या. भाताच्या लावणीत बांधावरून पडल्या, वाटी फुटली, आणि लावणी अर्धी सोडून कसं यायचं म्हणून हाताने गुडघा मागे दाबत तीन आठवडे डोंगर चढल्या-उतरल्या. आमच्याकडे आल्या तोवर तुकडे एकमेकांना विसरले होते. डॉक्टरांनी वाटी काढली. दुसऱ्या दिवशी आजींनी मला जवळ बोलावून विचारलं, "बाई, माजी वाटी कुटं हाय?"

मी म्हटलं, "ती काढून टाकली, आजी."

"काढली त्ये कळलं. पर ठिवली कुटं? माजं हाड हाय त्ये. जाताना द्या की बांधून."

मी सिस्टर रूथना विचारायला गेले. सिस्टर रूथ आमच्या वॉर्डाच्या मुख्य परिचारिका. त्यांच्या आवाजाने औषधाच्या बाटल्यासुद्धा सरळ उभ्या राहत. त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मी परत जाऊन आजींना खोटंच सांगितलं, "तपासायला पाठवलीय." आजी घरी जाईपर्यंत रोज विचारत होत्या, "आली का तपासून?"

माझ्या काळात मात्र तारेची पद्धत आली. तुकडे जुळवून त्यांच्याभोवती पोलादी तार घालायची आणि पिळून आवळायची. यातली गंमत अशी की तार नीट बसली असेल तर गुडघा जरा वाकवला की तुकडे एकमेकांवर आणखी दाबले जातात. ज्या ताणाने हाड फुटलं तोच ताण ते जुळवतो. फक्त तो मापात हवा. ते माप राखणं, म्हणजे माझी नोकरी.

आता वस्ताद.

आणीबाणीचं वर्ष होतं. सकाळी दवाखान्याच्या दारात एक ट्रक थांबला आणि त्यातून दहा-बारा पैलवान उतरले. रंगीत पटके, फुटलेले कान, आणि दारातून आडवं यावं लागेल असे खांदे. त्यांनी एका दाराच्या फळीवर निजवून एका म्हाताऱ्या माणसाला आत आणलं. हे तासगावकडच्या एका गावातल्या तालमीचे दस्तगीर वस्ताद. वय पासष्टच्या आसपास, मिशा पांढऱ्या, छाती अजून पिंपासारखी. फळीवर पडल्या-पडल्या तेच सगळ्यांना हुकूम देत होते. "तिरकी धरा रं! भिताडाला लावशिला! आरं, माणूस हाय वर, भुईमुगाचं पोतं न्हाई!"

डॉ. कर्णिक आमचे हाडांचे सर्जन. त्यांनी गुडघा पाहिला आणि त्यांची भुवई वर गेली. गुडघ्यावर आधीचा लांब व्रण होता.

"हे ऑपरेशन कुठे झालं?"

"मुंबैला," वस्ताद म्हणाले. "थोरला गोदीत हाय न्हवं. त्येनं नेलं. गुडघा पार झिजला हुता. आता आत लोखंडी हाय. बिजागरी."

खरोखर बिजागरीच होती. त्या काळी कृत्रिम गुडघा म्हणजे दोन हाडांत रोवलेली धातूची बिजागरी, दाराला असते तशी. तेव्हा मुंबईतही ती फार थोड्यांच्या नशिबी होती. आमच्या भागात मी पाहिलेली ही पहिली. समोरची वाटी मात्र वस्तादांची स्वतःची ठेवलेली होती. आणि एक्स-रेत दिसलं की तीच मधोमध फुटली होती.

"पडलात कसे?"

वस्ताद मिशी चाचपू लागले. बारा पैलवान छताकडे पाहू लागले. शेवटी शंकर नावाचा त्यांचा पट्टशिष्य, चोवीस-पंचवीस वर्षांचा, मान खाली घालून म्हणाला, "पडलं न्हाईत, डाक्टर. बैठक मारली."

"काय मारली?"

"बैठक. पोरं म्हनली, वस्ताद, लोखंडी गुडघा वाकतो का बघू. तर म्हनले, वाकतो का म्हंजी? आन् मारली."

"एकच?"

"धा मारनार हुते," शंकर म्हणाला. "पयल्यालाच वाळका ऊस मोडल्यागत आवाज आला."

मुंबईच्या डॉक्टरांनी वस्तादांना जमिनीवर बसू नका, उकिडवे बसू नका, असं बजावून सांगितलं होतं. तसं ते बसलेही नव्हते. बैठक म्हणजे बसणं नव्हे, असं त्यांचं मत होतं. बैठक हा व्यायाम आहे. डॉ. कर्णिकांनी यावर वाद घातला नाही.

प्रश्न मोठा होता. वाटी तशीच ठेवली तर वस्ताद पाय उचलू शकणार नव्हते, आणि पाऊल टाकलं की कोसळणार होते. तार घालायची तर धातू बसवलेल्या गुडघ्यात पुन्हा सुरी लावायची. तिथे पू झाला तर औषधं धातूपर्यंत नीट पोचत नाहीत. मग अख्खी बिजागरी काढायची, आणि मांडीचं आणि नडगीचं हाड एकत्र जोडून पाय कायमचा काठीसारखा ताठ करायचा. त्यात वाटीचं हाड पातळ झालेलं. डॉ. कर्णिकांनी मुंबईच्या सर्जनना ट्रंक कॉल लावला. दोन तासांनी लागला. ते शांतपणे म्हणाले, "माझ्याकडे असं झालेलं नाही अजून. काय होतं ते कळवा."

डॉ. कर्णिकांनी वस्तादांना सगळं समजावून सांगितलं. वस्तादांनी ऐकलं आणि एवढंच विचारलं, "ताठ झाला तर हौद्यात उतरता येईल का?"

हौदा म्हणजे तालमीतली लाल मातीची चौकोनी जागा. जमिनीपेक्षा खाली असते, दोन पायऱ्या उतरून जावं लागतं. वस्ताद आता कुस्ती खेळत नव्हते, पण रोज पहाटे त्या दोन पायऱ्या उतरून मातीत उभे राहत आणि पोरांना डाव दाखवत.

"ताठ पायाने कठीण आहे," डॉक्टर म्हणाले.

"मग तार घाला," वस्ताद म्हणाले.

तार घातली. हाड पातळ म्हणून त्याला भोक न पाडता भोवतीनं फिरवून आवळली. तीन आठवडे प्लॅस्टर, आणि मग वस्ताद माझ्या ताब्यात आले.

माझ्या ताब्यात म्हणणं हे धाडस आहे. मी पाच फूट एक इंच. पहिल्या दिवशी मी खाटेशी उभी राहून, त्यांच्या मिशांकडे न बघता म्हणाले, "वस्ताद, गुडघ्याखाली हा टॉवेल ठेवलाय. मांडी आवळून तो दाबायचा. दहा वेळा कराल का? दिवसातून तीनदा?"

"धा?" वस्तादांनी शंकरकडे पाहिलं. "धा म्हनत्यात."

शंकर हसू दाबत भिंतीकडे वळला.

"बाई, धा तर आमची नातवंडं दूध पिता-पिता मारत्यात."

"तरी... दहाच बरं," मी म्हणाले आणि कागदावर व्यवस्थित लिहून दिलं : कृपया दहा वेळा करावे.

दर सोमवारी मी टेपने मांडीचा घेर मोजायची. प्लॅस्टरमध्ये मांडी वाळते. पुन्हा भरायला महिने लागतात. एका आठवड्यात सुतभर वाढली तरी आम्ही खूश. वस्तादांची मांडी पहिल्याच आठवड्यात अर्धा इंच वाढली. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा अर्धा इंच. मी तक्ता सुंदर अक्षरात लिहिला, आलेख काढला. डॉ. कर्णिकांनी राऊंडला तो सगळ्यांना दाखवला. "मिस दाते, असं काम मी पाहिलं नाही." माझे कान तापले. वसतिगृहात असताना एकदा सुवाच्य अक्षराचं बक्षीस मिळालं होतं, त्यानंतर पहिल्यांदाच.

त्याच आठवड्यात मला दुसरंही काही दिसलं होतं. मी फारशी बोलत नाही, म्हणून मला बरंच दिसतं. वस्तादांच्या चादरीवर, जिथे टाच टेकते तिथे, कापड घासून विरविरीत झालं होतं. दहा गुणिले तीन, म्हणजे दिवसाला तीस वेळा टाच घासून चादर विरत नाही. पंख्याखाली असूनही त्यांच्या बंडीची पाठ ओली असायची. आणि मी वॉर्डात पाय टाकला की शंकर, जो आतापर्यंत काहीतरी पुटपुटत असायचा, एकदम गप्प व्हायचा. तो आकडे मोजत होता, हे कळायला मला फार हुशारी लागली नाही.

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. शनिवारच्या राऊंडला डॉ. कर्णिक खाटेच्या एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, मध्ये ती चादर. तोंडापर्यंत शब्द आले होते. पण कुणी विचारलं नाही, आणि आलेख छान दिसत होता. मी गप्प बसले. भिडस्तपणामुळे गप्प बसले असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. ते अर्धंच खरं आहे.

मंगळवारी सकाळी गेले तर वस्ताद छताकडे बघत पडलेले. शंकर खाटेशी उभा, चेहरा मातीचा.

"तार तुटली, बाई," वस्ताद म्हणाले. "आवाज आला."

मी त्यांना पाय उचलायला सांगितलं. मांडी आवळली, अशी भरलेली मांडी मी त्या खाटेवर पुन्हा पाहिली नाही. टाच चादरीवरून हलली नाही.

एक्स-रे डॉक्टरांच्या खोलीत उजेडासमोर धरलेला होता. तुटलेल्या तारेची दोन टोकं आणि वाटीच्या तुकड्यांत बोटभर फट. डॉ. कर्णिक म्हणत होते, "का तुटली? आवळण्यात माझी चूक झाली?"

मी म्हणाले, "सर, ते जास्त करत होते. पुष्कळ जास्त. मला माहीत होतं."

त्यांनी एक्स-रे खाली ठेवला. "मग मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

हे उत्तर माझ्या तोंडून निघालं आणि मला ते ऐकू आलं. पाचगणीच्या शाळेत याला पूर्ण गुण मिळाले असते. डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "मिस दाते, आता तोच गुडघा मला पुन्हा उघडायचा आहे." आणि हात धुवायला गेले.

पू होण्याची भीती दुसऱ्यांदा दुप्पट असते. तिसऱ्यांदा तार घालता येणार नव्हती. हाडच उरलं नसतं. म्हणजे आता बिजागरी, हौदा आणि त्या दोन पायऱ्या, सगळं या एकाच ऑपरेशनवर. डॉक्टरांनी जाड तार दुहेरी घातली. त्यानंतर दहा दिवस सिस्टर रूथ दर चार तासांनी ताप बघायच्या आणि पट्टी सोडताना आम्ही दोघी वाकून पू दिसतो का ते बघायचो. पाचव्या दिवशी ताप शंभरावर गेला. मी जेवले नाही. सहाव्या दिवशी वस्ताद शिंकू लागले; सर्दी होती. सिस्टर रूथनी माझ्याकडे पाहून पहिल्यांदाच हसून म्हटलं, "देवाचे आभार मान. नाक आहे, गुडघा नाही."

व्यायाम पुन्हा सुरू करायची वेळ आली तेव्हा मी आदल्या दिवशी वाक्यं पाठ केली होती. खाटेपाशी गेले आणि म्हणाले, "वस्ताद, तुम्ही दहा सोडून किती करत होता?"

"पाचशे," वस्ताद म्हणाले. लपवलं नाही. "सकाळी पाचशे, सांजच्याला पाचशे. शंकऱ्या मोजायचा."

"मी दहा सांगितले होते!"

"कुटं सांगितलासा?" त्यांना खरंच नवल वाटलं. "तुमी म्हनलासा, 'धा वेळा कराल का?' आता 'कराल का' म्हनल्यावर मानूस काय करंल? धाच केलं तर लाज न्हाई का? आन् कागदावर ल्हिवलंय 'कृपया'. म्या म्हनलं, बाई गरीब हाय, भीत-भीत मागतीया, आपून तिला भरपूर करून दिऊ."

मला हसावं की रडावं कळेना. शंकर मदतीला आला. "बाई, तालमीत कसं असतं ठावं हाय का? वस्ताद शंभर म्हनले की शंभर. एकशेएक केला तरी कानाखाली बसती. आन् मधीच 'बस्स' म्हनले की बस्स. हात असंल तिथंच सुटतो. झोपंत आयकलं तरी सुटंल."

"खरं न्हाई वाटत?" वस्ताद म्हणाले. दाराबाहेर व्हरांड्यात त्यांची भेटायला आलेली चार पोरं मोठ्याने गप्पा मारत होती. वस्तादांनी आवाज न चढवता म्हटलं, "बस्स." गप्पा मध्येच थांबल्या. एकाच्या तोंडाशी नेलेला केळ्याचा घास तिथेच राहिला.

"हे असं म्हना," वस्ताद म्हणाले. "तुमी सांगता, बाई. हुकूम देत न्हाई. आता हितं वस्ताद तुमी. म्या पठ्ठ्या. म्हना."

"बस्स," मी म्हणाले.

"ह्ये मांजराला आयकू आलं नसतं."

"बस्स!"

"आता मांजर उटलं."

पुढचे आठ आठवडे असेच गेले. शंकर वस्तादांच्या टाचेखाली पट्टा धरून पाय उचलायला मदत करायचा, मी मोजायची, आणि दहाला 'बस्स' म्हणायची. त्याबरोबर शंकरचे हात सुटत, पाय उशीवर येई. मी कधी चुकून आठलाच 'बस्स' म्हटलं तरी वस्ताद नववा म्हणून करत नसत. एकदा खट्याळपणे विचारलं, "बाई, एकोणसत्तर म्हंजी शंभराला किती कमी?" शंकर फिदीफिदी हसला. माझं गुपित त्यांना कळलं होतं. मी म्हटलं, "बस्स." तोही थांबला.

मांडी या वेळी आठवड्याला सुतभर वाढली. आलेख दिसायला अगदी सामान्य होता. ऑपरेशनपासून अकराव्या आठवड्यात वस्तादांनी कुणाच्याही आधाराशिवाय पाय सरळ उचलला आणि धरला. मी पाचपर्यंत मोजलं आणि मला पुढचा आकडा आठवेना. दहापर्यंतची माझी खात्री होती, असं मी वर लिहिलं आहे, ते त्या दिवसापुरतं खरं नाही.

काठी घेऊन ते घरी गेले. महिन्याने शंकर निमंत्रण घेऊन आला. गावच्या जत्रेत कुस्त्यांचं मैदान होतं आणि वस्तादांनी डॉक्टरांना आणि मला बोलावलं होतं. मैदानात बायका जात नाहीत. माझ्यासाठी पाहुण्यांच्या टेबलामागे ट्रॅक्टरची ट्रॉली उभी केली होती आणि त्यात वस्तादांच्या सुना-नाती माझ्याभोवती बसवल्या होत्या. समोर दोन-तीन हजार माणसं, हलगी कडाडत होती. मी पदर डोक्यावर घेऊन शक्य तितकी लहान होऊन बसले.

शेवटची मोठी कुस्ती शंकरची होती, साताऱ्याकडच्या एका पैलवानाशी. चांगली वीस मिनिटं चालली. शंकरने प्रतिस्पर्ध्याला खाली घेतलं होतं, कंबरेला मगरमिठी होती, आणि गर्दी उठून उभी राहिली होती. वस्ताद आखाड्याच्या कडेला काठी टेकून उभे होते. आनंदाने त्यांनी काठी टाकून दिली. मांडीवर थाप मारली, शड्डू घुमला. मग ते मातीकडे वळले. जिंकणाऱ्या पठ्ठ्याची माती वस्तादाने कपाळाला लावायची रीत असते, ती लावायला वाकू लागले. पाठीत वाकले असते तर ठीक होतं. पण जन्माची सवय ती. दोन्ही गुडघे खाली जाऊ लागले. बैठक.

मला त्या क्षणी गर्दी दिसली नाही. मला फक्त तो गुडघा दिसला, त्यातली दुहेरी तार, आणि तिच्याखालचं पातळ हाड. डॉक्टर पाहत होते ते शंकरकडे. कुणीही मला काहीही विचारलेलं नव्हतं.

मी ट्रॉलीत उभी राहिले आणि ओरडले, "बस्स!"

हलगी थांबली. वस्ताद जिथे होते तिथे थांबले, अर्धे वाकलेले, आणि हळूहळू सरळ झाले. आणि आखाड्याच्या मधोमध, जिंकत आलेल्या शंकरचे हात सुटले.

क्षणभरच. साताऱ्याच्या पैलवानाला तेवढं पुरलं. तो फिरला, आणि शंकरची पाठ मातीला लागली.

पुढे जो गोंधळ झाला तो लिहिण्यासारखा नाही. पंच कुस्ती पुन्हा लावायची की नाही यावर भांडत होते, कोणीतरी "ती बाई कोन?" म्हणून ओरडत होतं, वस्तादांच्या सुना माझ्या पदराला धरून मला खाली बसवत होत्या. मला मिरजेपर्यंत पळत जावंसं वाटत होतं. एवढ्यात वस्तादांनी हात वर केला आणि तीन हजार माणसं गप्प झाली.

"कुस्ती गेली," ते म्हणाले. "गेली तर गेली. शंकऱ्यानं हुकूम पाळला. कुस्ती पुढल्या साली परत हुईल. वाटी परत न्हाई."

मग त्यांनी शंकरला जवळ बोलावलं. तो अंगभर माती घेऊन, ओठ घट्ट मिटून आला. वस्तादांना वाकावं लागलं नाही. त्यांनी त्याच्या खांद्यावरची माती बोटाने काढली आणि कपाळाला लावली.

वस्ताद आजही रोज पहाटे दोन पायऱ्या उतरून हौद्यात उभे राहतात. वर्षातून एकदा एक्स-रेला येतात. तार तशीच आहे. शंकरने पुढच्या वर्षी त्या साताऱ्याच्या पैलवानाला चौथ्या मिनिटाला चितपट केलं, असं वस्तादांकडूनच कळलं. शंकर स्वतः मला सांगायला आला नाही. मागच्या महिन्यात त्याचा खांदा निखळला तेव्हा मात्र यावंच लागलं. तो माझ्यासमोर स्टुलावर बसला, भिंतीकडे बघत. मी म्हटलं, "हात वर. दहा वेळा."

त्याने दहा वेळा केला आणि थांबला. मी काहीच बोलले नव्हते. तो अजूनही भिंतीकडेच बघत होता.

"आकरावा करू का, बाई?" त्याने विचारलं. "का आदी तुमी वरडनार?"